डीएनएच्या फिल्मचं रीडिंग मेमध्ये एक आणि ऑगस्टमध्ये भलतंच : दोष कुठे शोधायचा

तक्रार दरवर्षी एकाच चेहऱ्याने येते. मे महिन्यात सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएचा थेंब वाळवला, अर्धा व्होल्ट लावला, करंट पिकोअँपिअरमध्ये (अँपिअरच्या लाख कोटीव्या भागात) मिळाला. तीच चिप, तीच कुपी, तेच मीटर घेऊन ऑगस्टमध्ये मोजलं तर करंट हजारपट, कधी लाखपट. मग आधी कुपी बदलतात, नंतर चिप, शेवटी मीटर दुरुस्तीला जातं, आणि तोवर सत्र संपतं. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा या पट्ट्यात हा त्रास जास्तच जाणवतो. उन्हाळ्याच्या दुपारी इथल्या हवेची सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली असते आणि श्रावणात ती ऐंशीच्या वर जाते. मुंबईच्या लॅबला असा फरक वर्षभरात बघायला मिळत नाही.

बहुतेक वेळा नमुना ठीक असतो आणि मीटरही ठीक असतं. मधल्या काळात हवा बदललेली असते, आणि वाळवलेल्या डीएनएतून जो करंट वाहतो तो मुख्यतः त्या हवेतून घेतलेल्या पाण्याचा आणि त्या पाण्यात मोकळ्या झालेल्या आयनांचा असतो. हे नीट वेगळं काढल्याशिवाय डीएनएच्या वाहकतेबद्दल एक वाक्यही लिहू नये, असं आमचं ठाम मत आहे.

एक झटपट परीक्षा आधी करून घ्या. चिपला ०.१ व्होल्ट लावून करंट स्थिर होऊ द्या आणि वीतभर अंतरावरून तोंडाने हलकी वाफ सोडा. करंट उसळून काही सेकंदांत खाली आला, तर तुम्ही आर्द्रता मोजत आहात. आता डीएनए न टाकलेली कोरी चिप लावून हेच करा. तीही तशीच उसळली, तर फिल्मकडे बघायच्या आधी चिप आणि वायरिंग बघायला हवं.

पाणी किती असतं

डीएनएच्या प्रत्येक न्यूक्लिओटाइडवर फॉस्फेटचा एक ऋण भार असतो आणि तो भागवायला शेजारी एक धन आयन, साधारणपणे सोडियम, बसलेला असतो. या दोघांनाही पाणी हवं असतं. फॉक, हार्टमन आणि लॉर्ड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डीएनएच्या फिल्मचं वजन करून दाखवलं, की ८० टक्के आर्द्रतेला दर न्यूक्लिओटाइडमागे सुमारे २० पाण्याचे रेणू असतात. हिशेब करा: २० रेणूंचं वजन ३६० आणि सोडियमसकट एका न्यूक्लिओटाइडचं सुमारे ३३०. म्हणजे श्रावणातल्या हवेत उघड्या ठेवलेल्या फिल्ममध्ये डीएनएपेक्षा पाणी वजनाने जास्त आहे. कोरड्या हवेत सोडियम फॉस्फेटला चिकटून राहतो. पाणी वाढलं की तो सुटतो आणि सरकू लागतो. आर्द्रतेच्या मधल्या पट्ट्यात करंटचा लॉगरिदम आर्द्रतेबरोबर जवळजवळ सरळ रेषेत चढतो तो यामुळे.

पाण्याबरोबर रेणूचा आकारही बदलतो. रोझालिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी १९५३ मध्ये सोडियम डीएनएच्या तंतूंवर दाखवलं, की ७५ टक्क्यांच्या आसपास सर्पिलाचं ए नावाचं रूप मिळतं आणि ९२ टक्क्यांच्या वर बी रूप. बी रूपात बेसच्या लगतच्या दोन जोड्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर असतं. ए रूपात जोड्या कलतात आणि अक्षावरचं अंतर ०.२६ च्या आसपास येतं. त्याहूनही कोरड्या हवेत रचना विस्कळीत होते. तेव्हा मे महिन्यातल्या दुपारी उघड्या टेबलावर पुस्तकातल्या बी रूपाच्या चित्रावरून निष्कर्ष काढू नका. तो रेणू तिथे नसतो.

कोरी चिप आणि गळती

पिकोअँपिअर मोजताना एक बोटाचा ठसासुद्धा वाहक असतो. घामातलं मीठ पावसाळ्यात ओलं होतं आणि दोन पॅडमध्ये पूल तयार होतो. चिप चिमट्यानेच धरा. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग शुद्ध पाणी, मग गाळलेला नायट्रोजन, असं धुवा.

काचेच्या साध्या स्लाइडवर इलेक्ट्रोड छापले असतील तर ती सवय सोडा. सोडा-लाइम काचेत सोडियम ऑक्साइड वजनाने १३-१४ टक्के असतं, आणि ओल्या हवेत ते पृष्ठभागावर येऊन वाहू लागतं. वितळवलेल्या शुद्ध सिलिकाची चकती किंवा थर्मल ऑक्साइड चढवलेलं सिलिकॉन घ्या. अभ्रकावर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की ताज्या सोललेल्या अभ्रकाच्या तोंडावर पोटॅशियमचे आयन असतात आणि त्यावर पाण्याचा थर चटकन बसतो.

चिप ज्या एफआर-४ (काचतंतूच्या सर्किट) बोर्डवर बसवली आहे तोही संशयित आहे. सोल्डरिंगचा रोझिन फ्लक्स राहिला असेल तर ८० टक्क्यांना बोर्डच बोलू लागतो. संवेदनशील टोक बोर्डवरून न नेता टेफ्लॉनच्या खुंटीवरून हवेत न्या, आणि केबल शक्य असेल तर ट्रायअ‍ॅक्सिअल वापरा. इलेक्ट्रोमीटरला (अतिसूक्ष्म करंट मोजणाऱ्या मीटरला) गार्डची (गळती अडवणाऱ्या आवरणाची) जोडणी असेल तर ती मोकळी सोडू नका.

मापदंड असा ठेवा: ज्या ज्या आर्द्रतेला फिल्म मोजणार, त्या प्रत्येक आर्द्रतेला कोऱ्या चिपचा करंट फिल्मच्या एक टक्क्याच्या आत हवा. ज्या बिंदूला तो बसत नाही, तो बिंदू आलेखातून काढा. एकाच आर्द्रतेला मोजलेली कोरी चिप सगळ्या आलेखाला चालवू नये, कारण गळतीही आर्द्रतेबरोबर चढते.

मीठ : सगळ्यात मोठा गुन्हेगार

इथे थांबून आकडे मांडायला हवेत, कारण बहुतेक फिल्म इथेच बिघडतात.

समजा कुपीत टीई बफरमध्ये (ट्रिस आणि ईडीटीए असलेल्या नेहमीच्या साठवणीच्या द्रावणात) दर मायक्रोलिटरला १०० नॅनोग्रॅम डीएनए आहे आणि तुम्ही ५ मायक्रोलिटरचा थेंब टाकला. चिपवर डीएनए गेला ०.५ मायक्रोग्रॅम. त्याच थेंबात १० मिलिमोलर ट्रिस म्हणजे ५० नॅनोमोल, वजन ६ मायक्रोग्रॅम. ईडीटीए १ मिलिमोलर, वजन सुमारे १.९ मायक्रोग्रॅम. म्हणजे वाळल्यावर जी पांढरट फिल्म दिसते तिच्यात एक भाग डीएनए आणि जवळजवळ सोळा भाग बफर आहे. पीबीएसमध्ये (मीठ घातलेल्या फॉस्फेट बफरमध्ये) तर १३७ मिलिमोलर सोडियम क्लोराइड असतं. त्याच थेंबात ४० मायक्रोग्रॅम मीठ, डीएनएच्या ऐंशीपट. असल्या फिल्मला डीएनएची फिल्म म्हणणं चूक आहे.

हे मीठ ओळखायची खूण आर्द्रतेच्या आलेखातच असते. प्रत्येक क्षार एका ठरावीक आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळतो. सोडियम क्लोराइडसाठी ती २५ अंशांना ७५.३ टक्के आहे, मॅग्नेशियम क्लोराइडसाठी अवघी ३२.८. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं त्यात त्या मॅग्नेशियमच्या अंशाचा मोठा वाटा असतो. तुमचा आलेख ७४ ते ७६ टक्क्यांच्या मध्ये उभी उडी घेत असेल तर फिल्ममध्ये मीठ उरलं आहे. डीएनएच्या स्वतःच्या पाण्याने येणारा चढ सावकाश असतो. ए-बी रूपांतर याच परिसरात होत असल्यामुळे काही जण ती उडी रूपबदलाची म्हणून सांगतात. ते तपासायला त्याच बफरचा, डीएनए नसलेला थेंब वाळवून मोजा. उडी तिथेही असेल तर तिचा डीएनएशी संबंध नाही. डीएनए ओरिगामी (डीएनएच्या घड्या घालून आकार) करणाऱ्यांच्या बफरमध्ये १२.५ मिलिमोलर मॅग्नेशियम सहज असतं. त्यांची फिल्म ३३ टक्क्यांपासूनच ओली होते, म्हणजे इथल्या मार्चमधल्या सकाळीसुद्धा.

उपाय म्हणजे मीठ काढणं, पण पूर्ण काढायचं नाही. क्रम असा:

डीएनएच्या द्रावणात एक दशांश आकारमान ३ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट (पीएच ५.२) आणि अडीच पट थंड इथेनॉल घाला. उणे २० अंशांना किमान अर्धा तास ठेवा. सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर १२,००० जी ला १५ मिनिटं फिरवा. गोळी ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा. एकदा धुऊन भागत नाही, सोडियम अ‍ॅसिटेट उरतंच. दहा मिनिटं उघडी वाळू द्या, पण करकरीत वाळवू नका, नाहीतर नंतर विरघळायला तास जातात. मग १ मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये विरघळवून दर मायक्रोलिटरला ५०० नॅनोग्रॅमपर्यंत आणा. आता ५ मायक्रोलिटरच्या थेंबात डीएनए २.५ मायक्रोग्रॅम आणि जादा मीठ सुमारे ०.३ मायक्रोग्रॅम. हे प्रमाण कामाचं आहे आणि ते आकड्यात सांगता येतं.

मीठ अजिबात नको म्हणून निव्वळ शुद्ध पाण्यात विरघळवणं इथे विशेष धोक्याचं आहे. दोन्ही पदर एकमेकांना धरून राहायला धन आयन लागतात. दर मायक्रोलिटरला १०० नॅनोग्रॅम डीएनए शुद्ध पाण्यात असेल तर स्वतःचं सोडियम फक्त ०.३ मिलिमोलर. पदर सुटण्याच्या तापमानाचं नेहमीचं सूत्र (८१.५ अधिक १६.६ गुणिले सोडियमच्या मोलर प्रमाणाचा लॉग, अधिक ०.४१ गुणिले जी-सी जोड्यांचे टक्के) ४२ टक्के जीसीसाठी लावलं तर उत्तर ४० अंशांच्या आसपास येतं. सूत्र इतक्या कमी क्षाराला तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा बरोबर आहे: एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात कुपी टेबलावर राहिली तर दुपदरी डीएनए सुटायला लागतो आणि तुम्ही एकपदरी डीएनए मोजता. २६० नॅनोमीटरचं शोषण बघा. वजन तेच असताना ते चढलं असेल तर पदर सुटले आहेत. पूर्ण सुटल्यावर ही वाढ ४० टक्क्यांच्या जवळ जाते.

केळीचा डीएनए वापरत असाल तर

रावेर-यावल-चोपड्याकडे केळी हाताशी असते, त्यामुळे प्रोजेक्टला केळीचाच डीएनए काढायचा मोह होतो. काढा, पण वाहकतेसाठी तो सगळ्यात अवघड नमुना आहे. केळीत पेक्टिन आणि इतर पॉलिसॅकराइड भरपूर असतात, पानात पॉलिफेनॉल असतात, आणि सीटॅब पद्धतीच्या (वनस्पतींचा डीएनए काढायच्या नेहमीच्या पद्धतीच्या) बफरमध्ये १.४ मोलर मीठ असतं. पेक्टिन स्वतः पाणी धरतं आणि त्याच्यावरही ऋण भार असतो, म्हणजे आर्द्रतेला ते डीएनएसारखंच वागतं. फिल्ममधून हे दोघं वेगळे ओळखता येत नाहीत.

२६० नॅनोमीटरच्या शोषणाला २३० च्या शोषणाने भागून येणारं गुणोत्तर २ च्या आसपास नसेल तर त्या नमुन्याची फिल्म करू नका. २६०/२८० चं गुणोत्तर १.८ आलं म्हणून समाधान मानू नये. ते प्रथिनांसाठी आहे, पेक्टिन त्यात दिसत नाही. सुरुवात विकतच्या काफ थायमस किंवा सॅमन डीएनएच्या सोडियम क्षाराने करा, पद्धत बसली की मग केळीकडे या. लांबी माहीत असलेला नमुना हवा असेल तर लॅम्डा डीएनए (लॅम्डा नावाच्या विषाणूचा) घ्या, ४८,५०२ जोड्या.

थेंब वाळतो कसा

हा दोष ऋतूबरोबर येतो आणि तो आर्द्रतेचाच समजला जातो. मे महिन्यात ५ मायक्रोलिटरचा थेंब काही मिनिटांत सुकतो आणि डीएनए, मीठ सगळं कडेला जाऊन कडं तयार होतं. इलेक्ट्रोडच्या मधल्या फटी रिकाम्या राहतात. ऑगस्टमध्ये तोच थेंब तास-दीड तास घेतो आणि फिल्म वेगळीच पसरते. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की लगेच कळतं.

वर्षभर एकाच हवेत वाळवा. सोडियम क्लोराइडच्या ७५ टक्क्यांच्या डब्यात (डबा कसा करायचा ते पुढच्या भागात आहे), २५ ते २८ अंशांना, रात्रभर. पंखा बंद. नंतर लिथियम क्लोराइडच्या ११ टक्क्यांच्या डब्यात किमान चार तास. ऑगस्ट आणि मेमधला निम्मा फरक काही लॅबमध्ये एवढ्यानेच मिटतो.

आर्द्रतेचा डबा

महागडी चेंबर लागत नाही. एक लिटरचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा, त्यात पेट्रीडिशमध्ये संपृक्त क्षाराचा लगदा, कॉम्प्युटरचा ४० मिलिमीटर पंखा मंद वेगाने, आणि दोन टेफ्लॉन इन्सुलेशनचे बीएनसी कनेक्टर भिंतीतून. पंख्याने हवा फिरली नाही तर चिपपाशी आणि सेन्सरपाशी वेगळी आर्द्रता असते. मोजताना पंखा बंद करा, त्याच्या मोटारीचा विद्युत गोंगाट (नॉइज) पिकोअँपिअरमध्ये दिसतो.

क्षाराचा लगदा ओल्या वाळूसारखा हवा, वर न विरघळलेले खडे दिसायला हवेत. ५० ग्रॅम सोडियम क्लोराइडला २० मिलिलिटर पाणी पुरे. नुसतं द्रावण केलं आणि खडे संपले की आर्द्रता वर सरकते आणि डब्याबाहेरून काहीच कळत नाही. घरचं आयोडीनयुक्त मीठ वापरू नका.

२५ अंशांचे आकडे : लिथियम क्लोराइड ११.३, मॅग्नेशियम क्लोराइड ३२.८, पोटॅशियम कार्बोनेट ४३.२, मॅग्नेशियम नायट्रेट ५२.९, सोडियम क्लोराइड ७५.३, पोटॅशियम क्लोराइड ८४.३, पोटॅशियम नायट्रेट ९३.६ टक्के.

भिंतीवर चिकटवलेले हे तक्ते २५ अंशांचे असतात आणि आपल्याकडची खोली एप्रिलनंतर ४० ला जाते. ४० अंशांना मॅग्नेशियम नायट्रेट ४८.४ वर येतं आणि पोटॅशियम नायट्रेट ८९.० वर. सोडियम क्लोराइड ७४.७, मॅग्नेशियम क्लोराइड ३१.६, लिथियम क्लोराइड ११.२, हे तिघे जवळजवळ जागेवर राहतात. लॅबला तापमान सांभाळणं जमत नसेल तर या तिघांवरच काम करा. आर्द्रतेबरोबर करंटचा लॉगरिदम चढत असल्यामुळे चार-पाच टक्के आर्द्रतेची चूक करंटमध्ये कितीतरी मोठी होऊन बाहेर येते.

सेन्सर म्हणून निळा डीएचटी-११ नको, त्याची चूक पाच टक्के आहे. एसएचटी-३१ घ्या आणि तोही ७५.३ च्या डब्यात दर महिन्याला तपासून पाहा. डबा बंद केल्यावर आर्द्रता स्थिर दिसली म्हणजे फिल्म स्थिर झाली असं होत नाही. १० मिनिटांत करंट २ टक्क्यांपेक्षा कमी बदलेपर्यंत थांबा. जाड फिल्मला यात तास-दोन तास जातात. आधी कोरड्याकडून ओल्याकडे, मग त्याच बिंदूंवरून परत खाली या. दोन रेषा जुळत नसतील तर एक तर तुम्ही पुरेसं थांबला नाहीत किंवा फिल्मची रचना ९३ टक्क्यांना बदलली.

कूलरबद्दल स्वतंत्र सांगणं गरजेचं आहे. लॅबमध्ये कूलर सुरू झाला की कोरडी खोली तासाभरात पन्नास-साठ टक्क्यांना जाते, वीज गेली की परत उतरते, आणि उघड्यावर ठेवलेली फिल्म हे सगळं इमानदारीने करंटमध्ये नोंदवते. शिवाय पॅडमधून उडणाऱ्या बारीक तुषारांत बोअरच्या पाण्याचे क्षार असतात. चिप तयार करताना आणि डबा उघडताना कूलरचा झोत त्या टेबलावर येऊ देऊ नका.

नायट्रोजन सोडून फिल्म कोरडी करणाऱ्यांनी एक जोड नियंत्रण ठेवावं. कोरडा नायट्रोजन पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही घेऊन जातो, मग करंट कुणामुळे पडला ते सांगता येत नाही. तोच नायट्रोजन शुद्ध पाण्याच्या बबलरमधून नेऊन पुन्हा मोजा. करंट वर आला तर पाणी जबाबदार.

तापवल्यावर करंट कमी होतो, म्हणजे डीएनए धातूसारखा?

असे आलेख अधूनमधून दिसतात आणि ते जवळजवळ नेहमी एकाच चुकीचे असतात. ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या उघड्या हवेत बाष्पाचा दाब सुमारे २.९७ किलोपास्कल असतो. हॉटप्लेटवर चिप ४५ अंशांना नेली. तिथे संपृक्त दाब ९.५९ आहे. म्हणजे चिपच्या तोंडाशी आर्द्रता ३१ टक्के. तुम्ही फिल्म तापवली तितकीच वाळवली. पाणी गेल्याने जो करंट पडतो तो तापमानाने वाढणाऱ्या करंटपेक्षा कितीतरी मोठा असतो.

उलटंही तितकंच. त्याच हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास आहे. पेल्टिअरवर (विजेवर थंड होणाऱ्या पट्टीवर) चिप २० अंशांना नेली तर तिच्यावर पाणी साचेल आणि करंट आभाळाला भिडेल. फ्रीजमधली कुपी खोलीच्या तापमानाला यायच्या आधी उघडली तरी हेच पाणी आत जातं.

तापमानाचा अभ्यास करायचा तर अख्खा डबा क्षारासकट इन्क्युबेटरमध्ये ठेवा. सोडियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरा. प्रत्येक पायरीला किमान एक तास.

आयन वाहतात की इलेक्ट्रॉन

यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. ०.५ व्होल्ट लावा आणि करंट वेळेबरोबर बघा. आयन असतील तर करंट सेकंदा-मिनिटांत घसरत जातो, कारण सोन्याच्या इलेक्ट्रोडमधून आयन पलीकडे जाऊ शकत नाहीत, तिथे साचतात. दोन मिनिटांनी व्होल्टेज शून्य करा. मीटर उलट दिशेने करंट दाखवत असेल, तर साचलेले आयन परत निघाले आहेत. ८० टक्क्यांना ही परीक्षा जवळजवळ प्रत्येक फिल्म देते. ज्या अहवालात फक्त एक आय-व्ही (करंट-व्होल्टेज) आलेख आहे आणि स्कॅनचा वेग लिहिलेला नाही, त्यावर विश्वास ठेवू नये.

इम्पीडन्स मीटर (एसी लावून वारंवारतेनुसार रोध मोजणारं) उपलब्ध असेल तर डीसी सोडूनच द्या. १० ते ५० मिलिव्होल्ट, एक मेगाहर्ट्झपासून ०.१ हर्ट्झपर्यंत. नायक्विस्ट आलेखात (रोधाचे दोन घटक एकमेकांसमोर मांडलेल्या आलेखात) अर्धवर्तुळाचा व्यास फिल्मचा रोध देतो आणि कमी वारंवारतेला तिरकी शेपटी वर जात असेल तर ती इलेक्ट्रोडवर अडलेल्या आयनांची आहे. इलेक्ट्रॉन वाहत असते तर आलेख खाली अक्षाला टेकला असता.

डीसीच वापरायचं तर ०.५ व्होल्टच्या वर जाऊ नका. १.२३ व्होल्टला पाण्याचं विघटन शक्य होतं, आणि ग्वानिन हा चारही बेसमध्ये सगळ्यात सहज ऑक्सिडाइज होणारा. साधारण त्याच पट्ट्यात तो कायमचा बिघडतो. मग दुसऱ्या स्कॅनला तुम्ही वेगळाच रेणू मोजता.

सिल्व्हर पेस्टने जोडणी केली असेल तर ती काढा. ओल्या हवेत डीसीखाली चांदीचे आयन निघून ऋण टोकाशी बारीक फांद्या वाढतात आणि एके क्षणी शॉर्ट होतं. ज्या चिपचा करंट ऑगस्टमध्ये अचानक मायक्रोअँपिअरला चढला आणि कोरडी करूनही उतरला नाही, ती सूक्ष्मदर्शकाखाली बघा. फांद्या दिसतील. कार्बन पेस्ट किंवा थेट सोन्याच्या पिना वापरा.

डीएनेझचं (डीएनएचे तुकडे करणाऱ्या एन्झाइमचं) नियंत्रण बहुतेक जण करतात आणि त्याचा अर्थ चुकीचा लावतात. हे एन्झाइम काम करायला मॅग्नेशियम मागतं, म्हणजे बफरबरोबर तुम्ही नवं मीठ टाकता. तुलना नेहमी त्याच बफरमध्ये उष्णतेने मारलेल्या एन्झाइमशी करा. आणि फिल्म न धुता मोजली तर तुकडे झालेला डीएनएही तेवढंच सोडियम आणि पाणी धरून असतो. तुकडे झाल्यावरही करंट तसाच राहिला, तर तो करंट सलग दुहेरी सर्पिलातून वाहत नव्हता. ही माहिती मोलाची आहे, प्रयोग फसला असं समजून टाकून देऊ नका.

जुन्या निकालांशी जुळत नाही तेव्हा

डेनिअल एली आणि स्पिव्ही यांनी १९६२ मध्ये एकावर एक रचलेल्या बेसमधून वहन होऊ शकेल असं मांडलं. त्यानंतरचे मोठे निकाल एकमेकांच्या विरुद्ध आहेत. १९९९ मध्ये फिंक आणि शोननबर्गर यांनी निर्वातात लॅम्डा डीएनएचे दोर चांगले वाहतात असं सांगितलं. २००० मध्ये पोराथ आणि सहकाऱ्यांनी १०.४ नॅनोमीटरच्या, ३० जोड्यांच्या जी-सी रेणूत अर्धवाहकाचं वर्तन पाहिलं. त्याच वर्षी दे पाब्लो आणि सहकाऱ्यांनी अभ्रकावरच्या लॅम्डा डीएनएतून डीसी करंट जातच नाही असं दाखवलं, आणि इलेक्ट्रॉनच्या झोताने नमुना स्वतःच वाहक होतो हेही. २००१ मध्ये स्टॉर्म आणि सहकाऱ्यांना ४० नॅनोमीटरच्या वर डीएनए विद्युतरोधकच मिळाला. २००६ मध्ये क्लाइन-ओस्टमान आणि सहकाऱ्यांनी उघड्या हवेत एकपदरी आणि दुपदरी दोन्हींचं वहन पाणीच ठरवतं असा निष्कर्ष काढला.

यांची नमुन्याची लांबी, पृष्ठभाग, निर्वात की हवा, द्रावण की कोरडं, सगळं वेगळं होतं. तुमची १० मायक्रोमीटर फटीची फिल्म यातल्या बहुतेकांशी तुलना करायच्या लायकीची नाही, कारण एवढ्या लांब अंतरावर बेसच्या रांगेतून जाणारा करंट मोजण्याइतका उरत नाही. ते बघायचं तर एकेक रेणू द्रावणात पकडावा लागतो. २००४ मध्ये शू, झांग, ली आणि ताओ यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने तसं केलं. जी-सी जोड्यांचा आठ जोड्यांचा रेणू क्वांटम वाहकतेच्या (एकेका रेणूची वाहकता मोजायच्या मूळ एककाच्या) सुमारे ०.००१३ पट वाहक निघाला, आणि मधे ए-टी जोड्या घातल्या की वाहकता लांबीबरोबर घातांकी वेगाने घटली. फिल्मच्या कामातून हा प्रश्न सुटणार नाही. पाणी आणि आयन डीएनएभोवती कसे वागतात हे मात्र फिल्म उत्तम सांगते, आणि तो विषयही तेवढाच खरा आहे. दुपदरीशेजारी एकपदरी नमुना ठेवा. दोघांचे आलेख एकावर एक बसले, तर अहवालात 'डीएनएची वाहकता' असं न लिहिता 'ओल्या डीएनए फिल्मची आयनिक वाहकता' असं लिहा.

प्रत्येक रीडिंगपुढे ही माहिती नसेल तर ते रीडिंग नंतर कुणाच्या उपयोगाचं नाही: चिपपाशी मोजलेली आर्द्रता आणि तापमान, त्या आर्द्रतेला किती वेळ ठेवली, डीएनएचं वजन आणि जादा मिठाचं वजन, पृष्ठभाग, इलेक्ट्रोडचा धातू आणि फट, व्होल्टेज, वाचन व्होल्टेज लावल्यापासून कितव्या सेकंदाला, आणि त्याच हवेतल्या कोऱ्या चिपचा करंट.

चिपा साठवायच्या त्या डेसिकेटरमध्ये. सिलिका जेलचा रंग बदलला की १२० अंशांना दोन तास ओव्हनमध्ये परत कोरडं करा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे दर आठवड्याला करावं लागतं, एप्रिल-मेमध्ये महिन्यातून एकदा पुरतं.